संपावरचा वस्तरा

रविवार, १६ एप्रिल २००६. तारकर्ली

आज वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी जाहीर केलं की २१ मे रोजी याच अंगणात, सगळ्यांसमोर, मी डोक्याचं मुंडण करून घेणार. टाळ्या पडल्या. टाळ्या मला नव्या नाहीत. पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं व्यासपीठावर उभी आहे. पण आजच्या टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि लवकर संपल्या. याचा अर्थ लोक विचार करत होते असा मी घेते.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे कुणी माझं डोकं फिरलं असं म्हणालं तर ही वही दाखवता येईल. आमच्या जिल्ह्यात वकील उदंड, पण सगळे जमिनीचे. बांध, वाटणी, कूळ, सातबारा. माणूस कोठडीत पडला तर त्याच्यासाठी उभा राहणारा वकील शोधून सापडत नाही. वाडीतल्या सत्यवानावर होडीचं इंजिन चोरल्याचा आळ आला. पाच महिने आत. त्याला मिळालेल्या जमिनीच्याच वकिलांनी दर तारखेला उभं राहून पुढची तारीख मागितली. इंजिन शेवटी मालकाच्याच मेव्हण्याच्या बागेत, झावळ्यांखाली सापडलं. सत्यवान सुटला. रापणीला जातो, जाळं ओढतो, पण कुणाशी बोलत नाही.

त्याची मुलगी दिव्या माझी विद्यार्थिनी. आई काशीबाई मालवणच्या बाजारात मासे विकते. पोरगी वकिलीची परीक्षा पास झाली आणि तिला फौजदारीच करायची आहे. कोल्हापूरचे एक नामांकित फौजदारी वकील दरवर्षी चार होतकरूंना सहा महिने हाताखाली घेऊन शिकवतात. दिव्याची निवड झाली आहे. २५ मेपर्यंत फी आणि राहण्याजेवणाचे पैसे भरले नाहीत तर तिची जागा दुसऱ्याला जाणार.

अशा कामाला लोक सरळ वर्गणी देत नाहीत. देवळाला देतात. माझा भाचा सर्वेश बोटीवर असतो. त्याने इंग्लंडातल्या एका बंदरात पाहिलं: चांगल्या कामासाठी एखादा भर चौकात डोकं भादरून घेतो आणि ओळखीपाळखीचे लोक पैसे देतात. आज मी ते सांगितलं, आणि त्या भरात पाच पुरुषांनी माझ्याबरोबर मुंडणाला हात वर केले. वर्गणीच्या वहीत आकडेही पडले. प्रत्येकाने आकड्यापुढे 'मुंडण झाल्यावर' असं लिहिलं आहे. विश्वास म्हणून नाही.

घरी येऊन गुणाजींना सगळं सांगितलं. ते रेडिओवर बातम्या ऐकत होते. म्हणाले, "सगळे केस?"

मी म्हटलं, सगळे.

"बरां," म्हणाले आणि रेडिओ बंद केला. बातम्या संपल्या नव्हत्या. माणूस बावीस वर्षं मालवाहू बोटीवर राहिला की त्याला जमिनीवरच्या कशाचंच काही वाटेनासं होतं.

गुरुवार, २० एप्रिल

पाचातले चार गळाले.

वाचनालयाचे कार्यवाह बाबू सकाळी चप्पल हातात घेऊनच आले, म्हणजे पळायला सोपं. "बाई, माझो बापूस जितो आसा. एक्याण्णव वर्सांचो. मी केस काढून बाजारात गेलंय तर लोक इचारतले, बापूस कधी गेलो? आणि तां म्हाताऱ्याच्या कानार गेला तर तो खरोच जातलो."

दुसऱ्याची आई हयात. तिसऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न. चौथ्याला बायकोने घरात घेणार नाही म्हणून सांगितलंय. पाचवा अजून ठाम आहे, पण त्याला मुळात टक्कल आहे. टाळ्यांच्या नादात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे बाप मेल्याशिवाय पुरुषाने डोकं भादरायचं नाही, आणि नवरा असेपर्यंत बाईने. आपल्याच डोक्यावरच्या केसांसाठी घरातलं कुणीतरी मरण्याची वाट पाहायची. मी बाबूंना हे ऐकवलं, चांगलं वीस मिनिटं. त्यांनी मान डोलावली आणि चप्पल घालून गेले.

सोमवार, २४ एप्रिल

गुणाजी मालवणच्या बाजारातून अबोलीचा वळेसर घेऊन आले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी मला फूल आणलेलं नाही. चार आठवड्यांत केस जाणार, आणि यांना गजरा आत्ता सुचतो. मी हे बोलून दाखवलं. "चार आठवडे आसत मा," म्हणाले.

माळला. वेणी अजून कमरेखाली येते, अर्धी काळी आहे. उगाच लिहिलं हे.

मंगळवार, २ मे

आज ज्याने मला हरवलं तो वकील नाही, प्राध्यापक नाही. तो नाक्यावरचा दत्ताराम न्हावी आहे.

मी २१ तारखेची वेळ सांगायला गेले. दत्तारामने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला, पुसला, मिटला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या केसाक मी वस्तरो लावचंय नाय."

मी म्हटलं, कारण?

"कारण तुमीच सांगलात."

मी काय सांगितलं?

"दोन वर्सांमागे, आठ मार्चाच्या भाषणात. शंभर वर्सांपयली मुंबयच्या न्हाव्यांनी संप केल्यानी, इधवा बायकांचे केस आमी काढूचे नाय म्हणान. माका तोवर म्हायत नव्हता. मी फुडच्या रांगेत होतंय, बाई. त्या दिसाक घराक जाऊन बायलेक सांगलंय, आमची जात नुसती दाढये करणारी नाय. आता तुमीच सांगतास केस काढ. आणि तुमचो तर घोव जितो आसा."

गिऱ्हाईक अर्ध्या साबणाने मान डोलावत होतं.

मी सांगितलं की तो संप बळजबरीविरुद्ध होता, इथे बळजबरी नाही. स्त्रीच्या इच्छेवर बोलले, तिच्या स्वतःच्या देहावरच्या हक्कावर बोलले. रस्त्यावरची माणसं थांबली, भाषण चांगलं झालं. शेवटी दत्ताराम म्हणाला, "आठ मार्चाचा ह्येच्यापेक्षा बरां होता."

शुक्रवार, ५ मे

मालवणातल्या दोन्ही दुकानांत विचारलं. दत्तारामचा निरोप माझ्याआधी पोचला होता. एकाने तर 'आमचो संप आसा' असंच सांगितलं. त्या संपाला शंभरावर वर्षं झाली आणि तो मला आडवा आला, माझ्याच तोंडून. ब्यूटी पार्लरवाली कापते म्हणाली, वस्तरा लावणार नाही. आणि नुसते केस कापले तर वहीतला एकही आकडा खरा होणार नाही. तसं बाबूंनी दोनदा बजावून सांगितलंय. स्वतःच्या हाताने करून पाहीन म्हणून आरशापुढे बसले. मानेपाशी काहीच दिसत नाही.

वीस दिवस उरले आणि दिव्याच्या जागेसाठी हातात एक पैसा नाही.

सोमवार, ८ मे

दिव्याला रोज संध्याकाळी समुद्रावर उभी करते. ग्रीसमध्ये एक वक्ता लाटांच्या आवाजावर आवाज चढवून तयार झाला. या मुलीचा आवाज तिसऱ्या लाटेला विरतो. कितीही सांगा, दोन वाक्यं बोलते आणि समोरच्याकडे बघत राहते.

"बाई," आज म्हणाली, "कोर्टात समुद्र नसतो."

मी म्हटलं, पण न्यायाधीश असतो, आणि तो दुपारी झोपेला आलेला असतो. हसली. हिचं कसं होणार कोण जाणे. पण आधी कोल्हापूरला पोचू तर दे.

पुन्हा वळेसर. तिसरा सोमवार. गुणाजी जेवत नाहीत नीट. सोलकढी तेवढी घेतात. उन्हाळ्याने असेल.

शुक्रवार, १२ मे

बाजारात आज सातव्या माणसाने विचारलं, "गुणाजीची तब्येत बरी आसा मा?" दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका आला तेव्हा यातल्या चौघांनी तोंडही दाखवलं नव्हतं. आत्ताच सगळ्या गावाला कळवळा आलाय.

काशीबाईने सुरमईचा तुकडा पिशवीत टाकला आणि पैसे घेईना. मग पाटी बाजूला सारून हळूच म्हणाली, "बाई, नको तां कोल्हापूर. बर्फाच्या कारखान्यात लिवणारी होयी आसा. चेडू थय जायत."

मी म्हटलं, अगं, तिची निवड झाली आहे.

"तुमच्या घोवाचा कायतरी इपरीत झाला तर सगळे माझ्या चेडवाक बोलतले. हिच्यापायी झाला म्हणतले. ह्यो डाग घेऊन ती कोर्टात उबी रवतली?"

मी काशीबाईला विवेक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण हाताने पाटीवरच्या माशांवर पाणी मारत होती. दिव्या बाजूला बसून कोळंबी सोलत होती आणि माझ्याकडे नाही, रस्त्यापलीकडे बघत होती. पलीकडे गुणाजी माझ्यासाठी थांबले होते. दोन माणसं त्यांच्या अंगावरून जाऊन, वळून पुन्हा त्यांच्याकडे बघत होती.

सोमवार, १५ मे

दिव्या म्हणाली, "बाई, दत्तारामकाकांशी मी बोलू?"

मी म्हटलं, बोल, नाहीतरी सरावच आहे. सोबत गेले. जाताना तीन मुद्दे दिले आणि शेवट कसा करायचा तेही सांगितलं. तिने त्यातलं काहीही वापरलं नाही. बाकावर बसली आणि विचारलं, "काका, तुमी बाईंका नाय कित्याक म्हणतास? बायलमाणूस म्हणान?"

"नाय गो. तिरुपतीक बायका काढतत. माका म्हायत आसा."

"मगे गुणाजीकाका जिते आसत म्हणान?"

"होय."

"तेंका कायतरी होतला म्हणान?"

"तसा कोण म्हणता? पण बरां दिसना नाय."

"काका तुमका काय म्हणाले?"

दत्ताराम वस्तरा घासायचा थांबला. "तो काय म्हणतलो? म्हयन्यातून दोनदा येता, दाढी करून जाता. पण ह्या पंधरवड्यात पाचदा इलो. दाढी करूची नसता. खुर्चेर बसता, आरशात बगता, उठान जाता."

"पाचदा?"

"पाचदा."

आणि दिव्या गप्प बसली. मी वाट पाहिली. इथे खरा मुद्दा मांडायचा होता, सगळा पाया तयार झाला होता. मुलगी चांगली दोन मिनिटं गप्प. दत्तारामने वस्तरा मिटून ठेवला. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "मी गुणाजीक इचारूक व्हया होता," आणि आम्ही उठलो.

वाटेत मी तिच्यावर चांगलीच तडकले. चार प्रश्न विचारायचे आणि तोंडाला कुलूप लावायचं, याला वकिली म्हणत नाहीत. ती ऐकून घेत चालली होती. सुरूच्या बनापाशी आल्यावर म्हणाली, "बाई, तुम्ही काकांना विचारलंत?"

मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ती पुढे काही बोलली नाही. तिची ही सवय जायला हवी.

विचारलं नव्हतं.

मंगळवार, १६ मे

सकाळी गुणाजी विळीवर नारळ खवत बसले होते. मी समोर पाट घेऊन बसले. चाळीस वर्षांत बोलायला सुरुवात कशी करायची हा प्रश्न मला पडलेला नाही.

म्हटलं, "तुमची हरकत आहे का?"

"कसली?"

"केसांची."

खोवणं चालू ठेवलं त्यांनी. "म्हयनो झालो. गावातल्या पाच बापयांका सांगलंस, तीन न्हाव्यांका इचारलंस. माझो नंबर आज इलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू थांबतंस खंय, बाई?" घरातही ते मला बाईच म्हणतात. शाळेतल्या मुलांचं ऐकून लागलेली सवय. "बाजारात गेलंय की लोक माका बांगड्यासारखे बगतत. ताजो आसा काय नाय. कल्ले तेवडे उघडून बगूचे रवले."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"माका भय वाटता गो," म्हणाले. "तुझ्या केसांनी माका काय होवचा नाय, तां कळता माका. मी काय अडाणी नाय. पण दत्तारामाच्या आरशात बगलंय की वाटता, ह्यो माणूस दोन वर्सांमागेच जावचो होतो."

अंधश्रद्धेवर माझी तीन भाषणं तयार आहेत, त्यातलं एक रत्नागिरीत गाजलेलं. त्या विळीसमोर त्यातली एक ओळ म्हणता येईना. मी म्हटलं, "रद्द करते मी." आणि ते मनापासून म्हटलं, निदान तेवढा श्वास घेईपर्यंत.

"आणि त्या चेडवाचा काय? सत्यवान पाच म्हयने आत होतो. माका डॉक्टरान गोळये दिल्यान. तेका कोणी दिल्यान?" त्यांनी करवंटी बाजूला ठेवली. "दत्ताराम नाय म्हणता तर नाय म्हणूंदे. तो खरो बोलता. मी काढतलंय."

"तुम्ही?"

"बोटीर बावीस वर्सां सगळ्यांचे केस कोणी काढल्यान? थय काय न्हावी बसता? कप्तानाचे सुदाय मीच काढी."

चौतीस वर्षं संसार केला आणि हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणतात की अठ्ठ्याहत्तर सालच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मला आठवतं. शुद्धलेखन तपासून मी ते त्यांना परत पाठवलं होतं.

"घोवान आपल्या हातान काढले तर तो मेलो आसा असा कोण म्हणतलो?" गुणाजी म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

रविवार, २१ मे

झालं. डोकं हलकं वाटतं, उशीला टोचतं. थोडक्यात लिहिते.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी, मालवणची माणसं, बायका तर कुंपणाबाहेरही उभ्या. लोक मला बघायला आले असं मला वाटलं होतं. ते गुणाजींना बघायला आले होते. ते बोटीवरचा जुना पांढरा शर्ट घालून आले, घडीच्या खुणांसकट.

पहिला हात फिरला आणि वस्तरा अडला. जुना, बोथट. गर्दीतून दत्ताराम उठला आणि निघून गेला. मला वाटलं, निषेध. तर दुकानातून स्वतःचा वस्तरा आणि चामड्याचा पट्टा घेऊन आला, सगळ्यांसमोर धार लावली आणि गुणाजींच्या हातात दिला. "वस्तरो माझो, हात तुझो. माझो संप मोडूक नाय."

मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं, मुंडण चालू असताना करायचं. सुरुवात करणार तोच गुणाजी कानाशी म्हणाले, "हालू नको. आणि बोलूय नको, कानाकडे वस्तरो आसा."

मी बोलले नाही. पंचवीस मिनिटं. माणसांच्या समोर बसून गप्प राहिले की माणसं दिसतात, हे मला नव्याने कळलं. बाबू ओठ मिटून होते. काशीबाई पदर तोंडात धरून उभी होती. मानेपाशी गुणाजींनी वस्तरा उचलून घेतला. ते थांबले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग तो पुन्हा चालू लागला.

वेणी जमिनीवर पडली होती. काशीबाई पुढे आली, ती उचलली आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून आपल्या ओच्यात बांधली. सत्यवान कोपऱ्यात उभा होता. जवळ येऊन म्हणाला, "डोक्याक वारो लागता?"

"लागतो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि गेला. सुटून आल्यापासून तो वाडीबाहेरच्या माणसाशी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

वहीतले आकडे खरे झाले. पहिला पैसा टक्कलवाल्याने टाकला. दिव्याचं भागलं, पुढच्या वर्षीच्या एकाची अर्धी सोय झाली. चाळीस वर्षं बोलून जे जमलं नाही ते गप्प बसून जमलं, ही गोष्ट मी कुठल्याही व्यासपीठावर सांगणार नाही.

गुरुवार, १ जून

काल रात्री दिव्याचा कोल्हापूरहून फोन. मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, "सर म्हणाले, प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, साक्षीदार आपणहून बोलतो. मी म्हटलं, हे मला येतं." मी म्हटलं, आवाजाकडे लक्ष दे. हो म्हणाली.

आज दुपारी फाटकापासूनच रडण्याचा आवाज आला. आरोंद्याची लक्ष्मी, गुणाजींची आतेबहीण. सोमवारी कुडाळच्या स्टँडवर तिने मला एसटीच्या खिडकीतून बघितलं होतं. हाक मारायच्या आत गाडी सुटली. तीन दिवस थांबून, पांढरं लुगडं नेसून, रीतीप्रमाणे न बोलावता आली. सावंतवाडीपासून रडत होती म्हणे.

दार गुणाजींनी उघडलं.

लक्ष्मीचा हुंदका अर्ध्यात राहिला. "मेल्या, जितो आसस?"

"आसंय. आत येतंस काय भायरच रडतंस?"

आत येऊन तिने माझ्याकडे बघितलं, डोक्याकडे, मग मनगटाकडे. सोमवारचा वळेसर डोक्यावर बसत नाही म्हणून मी मनगटाला गुंडाळला होता. अबोली चार दिवस टिकते. तिने डोळे पुसले. चेहऱ्यावर राग होता, फसवलं गेल्याचा. "मगे हिचे केस कोणी काढल्यान?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगायचं तर जमिनीच्या वकिलांपासून सुरुवात करावी लागणार होती.

"मी," गुणाजी म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.